एकाच कॉकवर दोन जमिनी

पत्र असं आहे:

‘नमस्कार सर. पारनेर तालुक्यात आमची तीन एकर जमीन आहे. दीड एकर ओढ्याकाठी, चार फूट खोल काळी. दीड एकर वर माळाला. तिथे वीतभर माती, तीही निम्मी खड्यांची, आणि खाली मुरूम. गेल्या रब्बीत दोन्हीकडे कांदा लावला. चार फुटी बेड, दीड फुटी सरी, बेडवर ठिबकच्या दोन नळ्या, अर्ध्या मीटरवर चार लिटरचे ड्रिपर. मोटर एक, कॉकही एकच. दर चौथ्या दिवशी तीन तास पाणी द्यायचो. माळावरचा कांदा तिसऱ्या दिवशी दुपारी मान टाकायचा, ओढ्याकाठच्याची पात पिवळी पडून मुळं सडली. मृदा आरोग्य पत्रिका जोडली आहे, तीत दोन्ही जमिनींचे आकडे जवळजवळ सारखे आहेत. आमचे मालक म्हणतात, पाणी धरणारं जेल मिळतं ते एकरी दोन किलो टाकू. सासरे म्हणतात, माळ तो माळच, त्यात पैसे घालू नका. मला वाटतं, दोन्हीकडे तलावातला गाळ टाकावा. व्हॉट्सॲपवर एक मेसेज आलाय की एक टक्का सेंद्रिय कर्ब वाढला की जमीन एकरी पाऊण लाख लिटर पाणी जास्त धरते. हे खरं आहे का? आधी काय करू?’

ताई, तुमचे सासरे निम्मे बरोबर आहेत, तुम्ही निम्म्या बरोबर आहात, आणि मालकांचं गणित मात्र काही केल्या जमत नाही. त्या तिन्हींवर येतोच. पण गेल्या वर्षीचा कांदा मातीनं घालवलेला नाही, तो त्या एका कॉकनं घालवला. तुम्ही सगळी मापं पत्रात दिलीत म्हणून मला हे घरबसल्या सांगता येतंय. बहुतेक पत्रांत ‘पाणी भरपूर देतो’ एवढंच असतं.

ती मृदा आरोग्य पत्रिका आधी बाजूला ठेवा. वाईट नाही ती, पण तिच्यात बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. माती किती जाड, किती बारीक, किती खोल, तिच्यात खडे किती, यातलं एक अक्षर नाही. जमिनीचं पाण्याचं भांडं किती मोठं, म्हणजे तिच्यात पाणी किती मावतं, हे ठरतं ते नेमकं याच गोष्टींवर. त्यामुळे दोन्ही शेतांचे आकडे सारखे आले म्हणून चकित होऊ नका. खत किती घ्यायचं हे विचारायला ती पत्रिका न्या. मोटर किती वेळ चालवायची हे तिला माहीत नाही.

आता माती पाणी धरते म्हणजे काय करते ते बघू. चाळणीतून गेलेल्या मातीत तीन आकाराचे कण असतात. वाळू बोटांना खरखरीत लागते. पोयटा पिठासारखा असतो. आणि चिकणमातीचा कण इतका बारीक, की २ मिलिमीटरच्या बाजूचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही लहान. पाणी कणांच्या अंगाला चिकटून आणि कणांमधल्या फटीत अडकून राहतं. कण बारीक तितकं अंग जास्त, फटी बारीक, आणि पाण्यावरची पकड घट्ट.

अंग किती जास्त, ते आपल्या मापात सांगतो. काळ्या जमिनीत जी चिकणमाती असते तिच्या कुळाचं नाव स्मेक्टाइट. तिचे कण पापुद्र्यांचे असतात आणि पाणी पापुद्र्यांच्या मधेही शिरतं. म्हणूनच ती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. शुद्ध स्मेक्टाइटचा एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, घेऊन त्याचे सगळे पापुद्रे उलगडून अंथरले तर सातशे-आठशे चौरस मीटर जागा लागेल. सात-आठ गुंठे! एका चिमटीत.

पण सगळी चिकणमाती अशी नसते, आणि हे बऱ्याच पुस्तकांतून निसटतं. कोकणातल्या जांभ्या मातीत चिकण भरपूर सापडते, तरी ती भेगाळत नाही आणि पावसाळा संपला की बघता बघता कोरडी होते. तिथली चिकण केओलिनाइटच्या कुळाची आहे. तिच्या एका ग्रॅमचं अंग दहा ते तीस चौरस मीटर, अर्धा गुंठाही भरत नाही. शिवाय लोहाच्या ऑक्साइडांनी ते कण एकमेकांना असे जखडलेले असतात की पाण्याच्या दृष्टीनं ती माती रवाळ वाळूसारखी वागते. तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून डिसेंबरात आंब्याच्या कलमांना घागरीनं पाणी घालावं लागतं, त्याचं हे एक मोठं कारण. तेव्हा ‘चिकण किती’ याच्या जोडीला ‘चिकण कसली’ हेही विचारावं लागतं. तुमच्या पारनेरात तो प्रश्न नाही. सगळा बेसाल्टच, त्यामुळे चिकण आहे ती स्मेक्टाइटची. माळावर ती कमी उरलीय, एवढंच.

आता जरा उलटी गोष्ट. काळी माती पाणी जास्त धरते, पण धरलेलं सगळं पिकाला देत नाही. भिजून, जादाचं पाणी निथळून वाफसा आला की भारी काळ्या मातीच्या शंभर भागांत साधारण चाळीस भाग पाणी असतं. पीक त्यातलं शोषत शोषत वीस-बावीस भागांपर्यंत येतं आणि कोमेजतं. उरलेलं पाणी मातीत आहे, हाताला माती गार लागते, पण कणांची पकड मुळांच्या ओढीपेक्षा जास्त झालेली असते. म्हणजे जवळजवळ निम्मं पाणी काळी स्वतःकडेच ठेवते. एखाद्या खमक्या सासूसारखी, असं म्हणणार होतो. पण तुमच्या घरात पत्र वाचून दाखवलं जाईल म्हणून नको.

हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. वळवाची एक सर, दहा मिलिमीटरची, दोन्हीकडे सारखी पडते. आठवड्यात माळावर गवताची हिरवी लव येते आणि ओढ्याकाठची काळी तशीच भकास. माळाच्या मातीचं भांडं लहान, म्हणून तेच दहा मिलिमीटर तिथे पाच-सहा इंच खोल उतरतं आणि उन्हाच्या तावडीतून सुटतं. काळीत ते वरच्या दोन इंचांतच संपतं आणि दोन दिवसांत उडून जातं. थोड्या पावसाच्या वर्षी माळ लवकर हिरवा होतो तो असा. भरपूर पावसाच्या वर्षी मात्र काळी बाजी मारते.

आता तुमच्या दोन शेतांची भांडी मोजू. पिकाला मिळू शकेल असं पाणी भारी काळीत एक मीटर खोलीला साधारण २०० मिलिमीटर असतं. चार फुटांत ते झालं २४० मिलिमीटर. पण कांदा काही चार फूट जात नाही. त्याची मुळं फार तर फूटभर, म्हणजे कांद्याच्या उपयोगाचं ६० मिलिमीटर. माळाच्या बारीक मातीचं मीटरला १४० धरू. तुम्ही म्हणता निम्मे खडे आहेत. खड्यात पाणी मावत नाही, तेव्हा ७०. आणि खोली वीतभर, म्हणून सगळे मिळून १६ मिलिमीटर. एका एकरावर १ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ४,००० लिटर, हे लक्षात ठेवलंत तर कुठल्याही दुकानदाराचा दावा तुम्हाला बांधावर उभं राहून तपासता येईल.

तुमच्या नळ्यांच्या आणि ड्रिपरच्या अंतरावरून तासाला दहा मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. तीन तासांचं झालं ३०. माळाचं भांडं अगदी रिकामं असलं तरी त्यात १६ मावतं. उरलेलं १४ मुरमात गेलं, जाताना तुमचा युरियाही घेऊन गेलं. जानेवारी-फेब्रुवारीत वाढीला लागलेला कांदा रोज साडेचार-पाच मिलिमीटर पितो. सोळातले पंधरा तिसऱ्या दिवशीच संपले, आणि कांद्यानं मान टाकली. काळीत ३० दिले, चार दिवसांत पिकानं १८ घेतले, १२ उरले. पुढच्या पाळीला आणखी १२. चिकण एकदा फुगली की तिच्यातून पाणी तासाला १ ते ५ मिलिमीटर एवढंच खाली सरकतं. मुळांच्या भोवती हवेला जागाच राहिली नाही. मुळं तहानेनं मरतात तशी गुदमरूनही मरतात, आणि वरून दोन्हींची पात पिवळीच दिसते. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, आणि तो अजून सोडतो.

म्हणून पहिलं काम: दुसरा कॉक. सबमेनला, म्हणजे ठिबकच्या नळ्यांना पाणी पोचवणाऱ्या पाइपला, एक टी, एक कॉक, थोडा पाइप. बाकी सगळं नंतर. कांदा तहानेला नाजूक आहे. भांड्यातलं तिसरा हिस्सा पाणी संपलं की पुन्हा द्यायचं, त्याला निम्म्यापर्यंत थांबवायचं नाही. या हिशोबानं माळाला रोज अर्धा तास आणि काळीला चौथ्या दिवशी पावणेदोन तास. काळीतले पावणेदोन तासही सलग नकोत. एक तास द्या, दोन-तीन तास जिरू द्या, मग उरलेला पाऊण तास. नाहीतर पाणी बेडवर थांबून सरीत उतरतं. आतापर्यंत दोन्हीकडे मिळून सरासरी रोज साडेसात मिलिमीटर जात होतं, आता पाचाच्या आत येईल. विहिरीतलं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी वाचलं, आणि कांद्याला मात्र पूर्वीपेक्षा जास्त मिळालं. मार्चचं ऊन चढलं की दोन्ही वेळा वाढवा. माळाला खतही थोडं थोडं करून ठिबकमधून द्या. एकदम दिलेलं तिथे टिकत नाही. रोज अर्धा तास म्हणजे लाईटच्या वेळा सांभाळायचा ताप आहे, मला ठाऊक आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसाआड एक तास केलं तरी चालेल, त्याहून लांबवू नका.

आता जेल. मालकांना हा परिच्छेद वाचून दाखवा. ते चूर्ण स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पितं हे खरं आहे; चांगल्यात चांगलं चारशे पट धरू. दोन किलो गुणिले चारशे म्हणजे ८०० लिटर. एका एकराला ४,००० लिटर म्हणजे एक मिलिमीटर, तर हे झालं ०.२ मिलिमीटर. तुमचा कांदा दुपारच्या तासाभरात एवढं पितो. शिवाय ते चारशे पट स्वच्छ पाण्यातलं आहे, विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात ते बरंच खाली येतं. रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये, कुंडीत, झाड लावताना खड्ड्यात ते कामाचं आहे, कारण तिथे मूठभर मातीला चिमूटभर जेल पडतं. एकराला दोन किलो म्हणजे समुद्रात... जाऊ दे.

कर्बाच्या मेसेजचं जरा नाजूक आहे, कारण तो लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. मीही दहा वर्षांपूर्वी असंच बोलत होतो. मग २०१८ साली सिडनी विद्यापीठातल्या मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या दोन मृदाशास्त्रज्ञांनी साठ प्रसिद्ध अभ्यास आणि जगभरच्या मातीची पन्नास हजारांहून जास्त मोजमापं एकत्र करून पाहिली. एक टक्का सेंद्रिय कर्ब वाढला, तर दर १०० मिलिमीटर मातीत पिकाला मिळणारं पाणी सरासरी १.१६ मिलिमीटरनं वाढतं. वाळूसर मातीत त्याहून जास्त, चिकण मातीत त्याहून कमी. वरच्या अर्ध्या फुटाचा हिशोब केला तर एकरी सात हजार लिटर. पाऊण लाखाचा एक शून्य कापला तर जवळपास येतं.

आणि एक टक्का वाढवणं म्हणजे काय? एक एकर, अर्धा फूट मातीचं वजन साडेआठशे टन. त्याचा एक टक्का म्हणजे साडेआठ टन निव्वळ कर्ब. ओलसर शेणखतात कर्ब आठव्या-सातव्या हिश्श्याएवढा असतो, म्हणजे साठ-सत्तर टन शेणखत, तेही त्यातला एक कणही हवेत न जाता. आपल्या उन्हात त्यातलं बहुतेक एक-दोन वर्षांत उडून जातं. तुमचा कर्ब ०.४२ आहे, तो १.४२ करण्याचं स्वप्न कुणी दाखवलं तर त्याला गोठ्यात किती जनावरं आहेत ते विचारा.

शेणखत टाकायचं मात्र सोडू नका. सेंद्रिय पदार्थ पाणी साठवण्यापेक्षा पाणी आत घेण्याच्या कामाचा जास्त आहे. तो कण जोडून मातीचे रवे करतो. रवे टिकले की पावसाच्या थेंबानं पापुद्रा धरत नाही, पाणी वाहून जाण्याऐवजी आत जातं. काळीत त्यानं हवेला वाट मिळते. ताग किंवा धैंचा गाडला, कांद्याच्या आधी भुईमूग-हुलग्यासारखं एखादं पीक घेतलं, तरी तेच काम होतं. फक्त लिटरच्या आकड्यांवर भाळून नको.

गाळाचं तुमचं म्हणणं मला पटतं, पण माळापुरतं. काळीवर गाळ टाकू नका. चिकणमातीवर चिकणमाती टाकून काय मिळणार? भाडं मात्र जाईल. माळावर गोष्ट वेगळी आहे, कारण गाळ म्हणजे मुळात माळाचीच माती. वरच्या उतारावरची बारीक माती वर्षानुवर्षं पावसानं धुऊन खाली नेली. काही ओढ्याकाठी साचून तुमची काळी झाली, काही पाझर तलावात जाऊन बसली. माळावर उरले ते खडे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना २०१७ पासून आहे ती याच विचारावर. तुमच्याकडच्या तलावाला ती लागू आहे का याची ग्रामपंचायतीत चौकशी करा.

एका एकरावर एक इंचाचा थर म्हणजे ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दोन इंच टाकायचा तर ७२, आणि तुमच्या दीड एकराला १०८. शंभरावर ट्रॉल्या झाल्या, हे ऐकून घाबरला असाल. पण बदल्यात काय मिळतं ते बघा. दोन इंच चांगल्या गाळात पिकाला मिळेल असं पाणी नऊ मिलिमीटर मावतं. माळाचं भांडं १६ वरून २५ झालं. एकरी छत्तीस हजार लिटर, आणि ते प्रत्येक पाळीला, प्रत्येक पावसाला, दरवर्षी. जेलच्या ८०० लिटरशेजारी ठेवून बघा. एवढा खर्च एकदम झेपत नसेल तर यंदा अर्धाच एकर करा. दीड एकरावर अर्धा इंच पसरण्यापेक्षा ते बरं.

गाळ आणताना कुठून उचलला ते स्वतः उभं राहून पाहा. ओढ्याचं पाणी तलावात शिरतं तिथे त्याचा वेग मोडतो आणि जड वाळू आधी खाली बसते. बारीक चिकण तरंगत तरंगत भिंतीजवळच्या खोल, शांत पाण्यापर्यंत जाऊन बसते. त्यामुळे ओढ्याच्या तोंडाचा गाळ म्हणजे बऱ्याचदा वाळूच असते, माळावर आणखी माळ. ट्रॅक्टरवाल्याला तो भाग सोयीचा पडतो, कारण तिथे आधी कोरडं होतं. भिंतीच्या बाजूचा मागा, भिंतीचा पाया सोडून अर्थातच. मग त्यातलं एक वाळलेलं ढेकूळ पावसाच्या पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ विरघळून खाली चुरा झाला आणि पाणी नितळ राहिलं तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरत गेला तर त्यात सोडियम आहे, तो गाळ चोपण होणार. फुकट मिळाला तरी घेऊ नका.

मे महिन्यात टाकलात तर ढेकळांना ऊन खाऊ द्या. पहिल्या पावसानं ती आपोआप फुटतात. मग खालच्या मातीत मिसळा, नुसता पसरून ठेवू नका. ही चूक मी स्वतःच्या रानात केली आहे. तीन इंच सुंदर काळा गाळ माळावर पसरला, सारखा केला, आणि ‘काळी झाली’ म्हणून खूश होऊन बसलो. जुलैत चार दिवस पाऊस लागला. वर पाय रुतत होता, मटकीची मुळं कुजली. खोऱ्यानं उकरलं तर गाळाच्या खालचा मुरूम कोरडा ठणठणीत! मला तेव्हा ते भुताटकी वाटलं होतं. नंतर समजलं. गाळाच्या बारीक फटी पाण्याला ओढून धरतात, मुरमाच्या मोठ्या पोकळ्यांना ओढच नसते. त्यामुळे वरचा थर जवळजवळ तुडुंब होईपर्यंत पाणी खाली पाऊल टाकत नाही. कुंडीच्या तळाला खापऱ्या घातल्या की निचरा होतो असं आपण मानतो तिथेही हेच होतं. खापऱ्यांच्या वरची माती उलट जास्त चिंब राहते. दोन-तीनदा उभी-आडवी वखरणी किंवा नांगरट करून गाळ आणि माळाची माती एकजीव केली की ही सीमारेषा पुसट होते. आणि उताराला आडवी मशागत करा, बांध दुरुस्त करा, नाहीतर शंभर ट्रॉल्या पुन्हा तलावात.

काळीत काय करायचं? फार काही नाही. तिच्यात वाळू किंवा मुरूम मिसळायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. चार फूट खोल चिकणमातीचा स्वभाव बदलायला डोंगर आणावा लागेल. तिला पाणी जायला वाट द्या. बेड अर्धा फूट उंच, सरीच्या शेवटी ओढ्याकडे जाणारा चर मोकळा. ढेकळाची चाचणी हिच्यावरही करा. पाणी गढूळ झालं तर प्रयोगशाळेत सोडियम तपासून मगच जिप्समचा विचार करा; न तपासता टाकलेलं जिप्सम म्हणजे जेलचा मोठा भाऊ. आणि वाफसा येण्याआधी तिच्यात रोटाव्हेटर घालू नका. वर भुसभुशीत दिसतं, पण खाली वीतभरावर तव्यासारखा थर बसतो.

आता सासरे. ‘माळ तो माळच’ यात त्यांचं खरं हे, की माळाची काळी होणार नाही. दोन इंच गाळ टाकूनही भांडं २५ चं, काळीत फूटभरातच ६०. त्यामुळे माझं स्पष्ट मत: माळावरचा कांदा या दोन-तीन वर्षांपुरता ठेवा, कायमचा नको. वीतभर मातीत, फूटभर मुळाचं, रोज पाणी मागणारं पीक तिथे लाडावून ठेवावं लागतं. सीताफळ किंवा डाळिंब तिथे जास्त शोभेल. झाडाची मुळं फुटलेल्या मुरमात शिरतात, आणि कुजलेला मुरूम थोडंफार पाणी धरून असतो, जे कांद्याला कधीच मिळत नाही. डाळिंबाला तर पाय ओले राहिलेले अजिबात खपत नाहीत, भारी काळीत त्याला मर लागते. शेजारच्यानं काळीत लावलं म्हणून तुम्ही लावू नका.

आणि काळीत एखाद्या वर्षी कांदा सोडून रब्बी ज्वारी किंवा हरभरा घेऊन बघा. कांद्याला वरचा एक फूट दिसतो, ज्वारी चारही फूट पिते. २४० मिलिमीटर, एकरी साडेनऊ लाख लिटरच्या वर, पावसानं भरून दिलेलं. मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध आहे ती अशाच खोल काळ्या रानावर. पेरणीनंतर पाऊस नावालाच, पीक साठवलेल्या ओलीवर उभं राहतं. भेगा पडायला लागल्या की कोळपणी करून त्या बुजवायच्या. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं जुनी माणसं म्हणतात ते या रानांसाठी. काळीतली ओल वरून उडते, तशी भेगांच्या भिंतींतूनही उडते. त्या वर्षी विहिरीचं पाणी सगळं माळाच्या नव्या झाडांना मिळेल.

कॉक बसवायच्या आधी एक काम करा, त्याला पैसा लागत नाही. माळावर तीन ठिकाणी, वरच्या, मधल्या आणि खालच्या बाजूला, दोन-दोन फूट खोल खड्डे घ्या. माती किती इंचांवर संपते, मुरूम टिकावानं सुटतो की पहार लागते, ते लिहून ठेवा. प्रत्येक खड्ड्यातली एक बादली माती वाळवून पिठाच्या नव्हे, रव्याच्या चाळणीनं चाळा आणि खडे वेगळे मोजा. चाळणीखालची माती ओली करून अंगठ्यानं पट्टी काढून बघा. इंचभर येऊन तुटली तर हलकी, दोन इंचांच्या पुढे न तुटता गेली तर चिकण. मी वर धरलेलं ‘निम्मे खडे, वीतभर माती’ हे तुमच्या पत्रातलं आहे; वरच्या बाजूला माती चार बोटंच निघाली तर तिथलं १६ चं भांडं सहाचं होईल, आणि मग त्या पट्ट्यात गाळही टाकू नका.

खड्ड्यांची मापं कळवा. मुरूम टिकावानं सुटत असला, तर सीताफळाच्या अंतराचं आणि खड्ड्यांचं पुढच्या पत्रात बोलू.